न हरलेला, न बोलावलेला संघ



समजा, तुमच्या शाळेचा हुतूतूचा संघ यंदा एकही सामना हरला नाही. पोरांनी उन्हातान्हात सराव केला, गुडघे फोडून घेतले आणि आसपासच्या सगळ्या गावांना पाणी पाजले. मग एके दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणाहून निरोप आला की, मोठ्या सामन्याला तुम्हांस बोलवायचे आमच्या मनात आहे, मात्र संघातली दोन मुले तेवढी गावीच ठेवून या. कारण विचारावे, तर ती दोन मुले अमक्या जातीची, म्हणून. आणि नेमके तेच दोघे संघातले खंदे गडी! आता तुम्ही त्या शाळेचे गुरुजी आहात. पोरे तुमच्या तोंडाकडे पाहत उभी आहेत. काय सांगाल त्यांना?

असाच प्रश्न १९५१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल संघापुढे उभा राहिला. त्या पोरांनी काय उत्तर दिले आणि ते उत्तर त्यांना केवढ्याला पडले, ही हकीकत आज सांगायची आहे.

आधी खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, साधारण सोललेल्या नारळाच्या घाटाचा. तो हातात घ्यायचा, काखेत दाबायचा आणि पळत सुटायचे. समोरच्या अकरा जणांनी पळणाऱ्याला धरून जमिनीवर लोळवायचे. मैदान शंभर यार्ड लांब. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तेवढ्यात सरकला नाही तर चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो. पलीकडच्या शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की सहा गुण. त्याला टचडाऊन म्हणतात. त्यानंतर दोन खांबांमधून चेंडू लाथेने उडवला की आणखी एक गुण. म्हणजे धावणे खो-खोचे, पकड हुतूतूची आणि रेटारेटी बैलांच्या टकरीची, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. दुखापती पुष्कळ होतात. म्हणून डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना जाड गाद्या बांधून गडी उतरतात. १९५१ साली त्या शिरस्त्राणाला तोंडापुढची आडवी पट्टी बहुधा नसे. एवढे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठ १८५५ साली जेझुइट पाद्र्यांनी काढले. आपल्या मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्या पंथाने काढले, तोच हा पंथ. आसपासची बडी विद्यापीठे म्हणजे कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्ड. त्यांच्यापुढे हे लहानसे, पैशाने बेताचे. सामने विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर शहराच्या गोल्डन गेट बागेतल्या केझार स्टेडियमवर व्हायचे. संघाचे टोपणनाव 'डॉन्स'.

त्यांचे प्रशिक्षक जो कुहॅरिक हे १९४८ साली आले. माणूस कडक. हंगामाआधी ते पोरांना कॉर्निंग नावाच्या आतल्या भागातल्या गावी नेत. सॅन फ्रॅन्सिस्को समुद्रकाठचे, धुक्याचे आणि गारव्याचे शहर. कॉर्निंगचा उन्हाळा म्हणजे आपल्या विदर्भातला वैशाख समजा. त्या भट्टीत कुहॅरिक त्यांना पळवीत, लोळवीत, पुन्हा उठवीत. पुढे म्हातारपणी हे खेळाडू एकत्र जमले की सामन्यांपेक्षा कॉर्निंगच्याच गोष्टी अधिक रंगवून सांगत. ज्यांनी एकत्र हाल काढले त्यांची दोस्ती वेगळीच होते, हे आपल्याकडे तालमीत राहिलेल्या कोणत्याही पैलवानाला विचारा.

संघात एकेक वल्ली होते. जिनो मार्केटी हा इटालियन घरातला मुलगा. अठराव्या वर्षी फौजेत दाखल झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात बेल्जमकडच्या बर्फातल्या लढाईत लढून आला. बॉब सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच. तो मांस कच्चेच खायचा, म्हणून त्याची थट्टा होई. अर्थात थोड्या अंतरावरून. चेंडू फेकणारा एड ब्राउन. आणि संघाची बातमी वर्तमानपत्रांतून छापून यावी यासाठी धावपळ करणारा विद्यापीठाचा पंचविशीतला प्रसिद्धी-अधिकारी पीट रोझेल. हे नाव लक्षात ठेवा. हाच माणूस पुढे १९६० ते १९८९ अशी जवळजवळ तीस वर्षे अमेरिकेच्या सबंध व्यावसायिक फुटबॉलचा प्रमुख होता.

आता ते दोघे. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म दक्षिणेतल्या टेक्सस राज्यात ट्रिनिटी गावी, १९३० साली. टोलर त्याहून दोन वर्षांनी मोठा, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसचा. दोघेही कृष्णवर्णीय. दोघेही दक्षिण सोडून सॅन फ्रॅन्सिस्कोला आले आणि आधी तिथल्या सिटी कॉलेजात एकत्र खेळले. १९४८ साली त्या कॉलेजाचा संघ सगळे सामने जिंकला. मग दोघे मिळूनच विद्यापीठात दाखल झाले. मॅटसन वाऱ्यासारखा पळे, आणि अंगाने असा भरभक्कम की नुसता हात लावून तो पडणारा नव्हे. टोलर बचावाच्या फळीतला. समोरून येणाऱ्याला तो असा धरी की पुन्हा त्या बाजूने यायचा विचारही त्याने करू नये. स्वभावाने शांत, बोलायला हळू.

दक्षिण सोडून, असे मी म्हटले. हे समजून घ्यायला हवे. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. पण दक्षिणेकडील राज्यांनी पुढे निराळे कायदे केले. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. रेल्वेचा डबा वेगळा, हॉटेल वेगळे, पाणी प्यायचा नळसुद्धा वेगळा. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या व्यवस्थेला मान्यता दिली आणि ती मान्यता १९५४ पर्यंत टिकली. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना पाण्याच्या नळाचे दुःख फोडून सांगायला नको. चवदार तळे आपल्याच कोकणात आहे. खेळापुरतेच बोलायचे तर, पुण्याच्या क्लबात आपल्या फिरकीने युरोपियनांना गारद करणाऱ्या पाळवणकर बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात मिळत होता. चेंडू त्यांच्या हातचा चालत होता, कप मात्र चालत नव्हता.

असो. १९५१ चा हंगाम सुरू झाला. एकूण नऊ सामने. बडी विद्यापीठे या संघाशी खेळायला फारशी राजी नसत, त्यामुळे यादी जुळवताना ओढाताण झाली. सॅन होसे स्टेटशी एकाच हंगामात दोनदा खेळावे लागले. दोन सामने तर लष्करी छावण्यांच्या संघांशी झाले, एक नाविक शिक्षण केंद्राचा आणि एक कॅम्प पेंडल्टनच्या नौसैनिक शिपायांचा. ही यादी कच्ची होती असे पुढे त्यांच्या विरुद्ध बोलले गेले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण जे पुढे आले त्यांना त्यांनी हरवले, आणि बहुतेकांना चांगलेच धुतले.

खरी परीक्षा झाली ती ऑक्टोबरात, न्यूयॉर्कला. समोर फोर्डम विद्यापीठाचा संघ. पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांना पश्चिमेच्या या लहान कॉलेजाची फारशी ओळख नव्हती. त्या सामन्यात मॅटसनने दोनदा एक अद्भुत गोष्ट केली. प्रतिपक्षाने लाथेने दूर उडवलेला चेंडू आपल्या टोकाला झेलायचा आणि उलट पळत सुटायचे, असा एक प्रसंग या खेळात येतो. समोरून अकरा जण भरधाव अंगावर येत असतात. बहुतेक वेळा वीस-पंचवीस यार्डांत माणूस पडतो. मॅटसन एकदा चौऱ्याण्णव यार्ड पळाला आणि एकदा नव्वद यार्ड. दोन्ही वेळा थेट शेवटच्या रेषेपार. म्हणजे सबंध मैदान तो दोनदा चिरत गेला. तिसरे टचडाऊनही त्याने केले. तरीही फोर्डमने शेवटपर्यंत झुंज दिली आणि सामना ३२-२६ असा जेमतेम सुटला.

त्याच ऑक्टोबरच्या २० तारखेला ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर येथे दुसरा एक सामना चालू होता. ड्रेक विद्यापीठाचा जॉनी ब्राइट हा त्या वेळचा नामांकित खेळाडू. तोही कृष्णवर्णीय. चेंडू त्याच्या हातात नसताना, खेळाचा ओघ दुसरीकडे गेलेला असताना, प्रतिस्पर्धी संघातल्या एका गोऱ्या खेळाडूने त्याच्या तोंडावर कोपराचा आणि मुठीचा असा तडाखा हाणला की त्याचा जबडा मोडला. पंचांनी काही पाहिले नाही. पण ड्रेकच्या गावच्या वर्तमानपत्राचे दोन छायाचित्रकार तेथे होते आणि त्यांच्या कॅमेऱ्याने पाहिले. ती चित्रे एकामागून एक छापून आली. सगळ्या देशाने ती पाहिली आणि छायाचित्रकारांना पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. तोंडापुढे पट्टी असलेली शिरस्त्राणे सर्रास वापरात येण्याला जी कारणे झाली, त्यांत या घटनेचाही हात आहे. मारणाऱ्याला मात्र काही शिक्षा झाली नाही. तेव्हा, एकाच महिन्यात एक कृष्णवर्णीय खेळाडू न्यूयॉर्कात मैदान गाजवतो आहे आणि दुसऱ्याचा जबडा स्टिलवॉटरला मोडतो आहे, असा तो काळ होता.

नोव्हेंबरात सतरा तारखेला स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी सामना ठरलेला होता. पॅसिफिकचा संघ बलवान, मैदान त्यांचे, गर्दीही त्यांची. शिवाय दक्षिणेतल्या मोठ्या सामन्यांचे पारखी पाहायला येणार अशी बोलवा होती. डॉन्सनी तो सामना ४७-१४ असा जिंकला. पुढल्या आठवड्यात पॅसाडीना गावच्या रोझ बोल मैदानावर लॉयोला विद्यापीठाला २०-२ ने हरवून हंगाम पुरा झाला. नऊपैकी नऊ. बरोबरीसुद्धा एक नाही. मॅटसनने एकट्याने त्या हंगामात एक हजार पाचशे सहासष्ट यार्ड पळून काढले. मैलाला जेमतेम दोनशे यार्ड कमी, आणि त्यातला प्रत्येक यार्ड कोणी ना कोणी पाय ओढत असताना. एकवीस टचडाऊन. सबंध देशात त्या वर्षी त्याच्याइतके कोणी पळाले नाही. तरी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा जो हाइसमन चषक, त्याच्या मतदानात त्याचा नंबर लागला नववा. संघाला वृत्तसंस्थेच्या यादीत चौदावी जागा मिळाली.

आता 'बोल' म्हणजे काय ते सांगतो. त्या काळी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर संपे. मग नव्या वर्षाच्या आरंभी काही ठिकाणी खास सामने होत, त्यांना 'बोल' म्हणत. मायामीचा ऑरेंज बोल, न्यू ऑर्लीन्सचा शुगर बोल, जॅक्सनव्हिलचा गेटर बोल, डॅलसचा कॉटन बोल. तिथे जाणे संघाने मागायचे नसे. संयोजकांनी बोलवायचे असे. आपल्या जत्रेतल्या मोठ्या फडाला नामांकित पैलवानाला विडा पाठवून बोलावतात, तसेच. बोलावणे म्हणजे मान, आणि मानाबरोबर तिकिटांच्या उत्पन्नातला घसघशीत वाटा. या लहान कॉलेजाला त्या वाट्याची नड होती. फुटबॉलचा खर्च तिकिटांतून निघत नव्हता आणि बोलावणे आले तरच पुढल्या वर्षी संघ राहील, हे आतल्या मंडळींना ठाऊक होते.

नावे पाहिलीत ना? मायामी, न्यू ऑर्लीन्स, जॅक्सनव्हिल, डॅलस. सगळी गावे दक्षिणेतली.

निरोप आला तो असा की, संघाला घेऊ, मॅटसन आणि टोलर यांना वगळून आलात तर. अशा अटी कोणी कागदावर सहीशिक्क्याने लिहीत नसतो. त्या कानात सांगितल्या जातात, मध्यस्थामार्फत कळवल्या जातात आणि मागाहून नाकारताही येतात. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या एका रेडिओ-समालोचकाने मात्र त्याच सुमारास उघड सांगून टाकले की, दक्षिणेतल्या तीन बोलांना कृष्णवर्णीय खेळाडू असलेला संघ नको आहे, असे आपल्याला खात्रीच्या माणसाकडून कळले आहे. रेडिओवरून बोलणाऱ्या माणसाला या गोष्टीचे थोडे कौतुक वाटले तर श्रोत्यांनी क्षमा करावी. संयोजकांच्या बाजूने कारण पुढे आले ते सामन्यांच्या कच्च्या यादीचे. पण त्याच डॉन्सनी तेहेतीस गुणांनी झोडपलेल्या पॅसिफिकला टेक्ससच्या एल पासो गावचे सन बोलचे बोलावणे आले. हरलेला संघ गेला, हरवणारा घरी बसला. यादीचे कारण इथे थोडे लंगडे पडते, असे मला वाटते.

कुहॅरिक यांनी ही अट पोरांना सांगितली. पुढे कित्येक वर्षांनी त्या क्षणाविषयी खेळाडूंना विचारले गेले, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात थोडाबहुत फरक असला तरी एक गोष्ट सारखी येते. भाषण झाले नाही. कोणी हात वर करून मते मोजली नाहीत. नाही म्हणायचे, तर नाही म्हणाले. दोघांना सोडून जायचे असेल तर आम्हांला जायचेच नाही. बस्स, एवढेच.

मला यात एक गोष्ट विशेष वाटते. ती पोरे काही समाजसुधारक नव्हती. चळवळीचा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. कित्येक जण कष्टकऱ्यांच्या घरचे, मार्केटीसारखे काही लढाई पाहून आलेले. त्यांच्या लेखी प्रश्न वर्णाचा नव्हताच. कॉर्निंगच्या उन्हात जो बाजूला लोळला, त्याला दारातून परत पाठवून आपण आत कसे जायचे, एवढाच होता. आणि दुसरेही एक ध्यानात घ्या. आपण या गोष्टीत त्या तीस-पस्तीस जणांची वाहवा करतो आणि करावीच; पण आपल्यामुळे सगळ्यांचे हुकले, हे ओझे मनावर घेऊन त्या खोलीत बसायचे, हे काम त्या दोघांच्या वाट्याला आले होते. त्याची वाहवा कोण करणार?

कोणी म्हणेल, त्या काळी दक्षिणेत दुसरे काय होणार? तसेही नाही. १९४८ च्या कॉटन बोलमध्ये पेन स्टेट संघाचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू डॅलसच्या मैदानावर खेळून गेले होते. हॉटेलवाले उतरू देणार नाहीत म्हणून सबंध संघ शहराबाहेर नौदलाच्या विमानतळावर मुक्कामाला राहिला होता, एवढेच. म्हणजे इच्छा असेल तिथे वाट निघत होती. १९५६ च्या शुगर बोलमध्ये पिट्सबर्गचा बॉबी ग्रियर खेळला, तेव्हा जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने आपल्या राज्यातल्या संघाने त्याच्याशी खेळू नये म्हणून आकाशपाताळ एक केले. आणि गंमत पाहा, त्या गव्हर्नराच्या विरुद्ध रस्त्यावर उतरले ते त्याच राज्यातल्या कॉलेजचे गोरे विद्यार्थी. त्यांना आपला संघ सामन्याला जायला हवा होता!

पण १९५१ ची फ्लॉरिडा कशी होती, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे शिक्षक श्रोत्यांनी जरा लक्षपूर्वक ऐकावे. ऑरेंज बोल तेव्हा जिथे होई ते मायामी याच राज्यात. त्याच राज्यात मिम्स नावाच्या गावी हॅरी मूर आणि हॅरिएट मूर हे पतिपत्नी राहत. दोघेही शाळामास्तर. काळ्या शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांइतका पगार मिळावा म्हणून हॅरी मूर यांनी खटपट केली, आपल्या लोकांची नावे मतदारयादीत घातली, अन्यायाच्या तक्रारी लिहून लिहून वर पाठवल्या. १९४६ साली दोघांचीही नोकरी गेली. १९५१ च्या २५ डिसेंबरला, नाताळच्या रात्री, त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली त्याच दिवशी, त्यांच्या निजायच्या खोलीखाली कोणी बाँब उडवला. हॅरी मूर इस्पितळाच्या वाटेवरच गेले. हॅरिएटबाई नऊ दिवसांनी, ३ जानेवारीला गेल्या. या दोन मृत्यूंच्या मधोमध, १ जानेवारी १९५२ रोजी, मायामीला ऑरेंज बोलचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. जॉर्जिया टेकने बेलरला १७-१४ ने हरवले.

सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठात त्याच सुमारास हिशेब झाला. फुटबॉलमध्ये तूट. विद्यापीठाने मोठ्या पातळीवरचा फुटबॉल संघ बंद करून टाकला. ज्या संघाने एकही सामना गमावला नव्हता तो संघच उरला नाही. अशा संघाची माणसे पुढल्या वर्षी पुन्हा मैदानात उतरली असती तर काय झाले असते, याचा विचार खेळाचे शौकीन अजून करतात. सेंट क्लेअरचे एक वर्ष शिल्लक होते; ते त्याला ओक्लाहोमातल्या टल्सा विद्यापीठात जाऊन पुरे करावे लागले.

त्या एका संघातले नऊ जण व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर या तिघांची नावे पुढे तिथल्या कीर्तिमंदिरात लागली. एकाच कॉलेज संघातून असे तीन निघणे ही विरळा गोष्ट. मार्केटी बॉल्टिमोरच्या संघाचा आधारस्तंभ झाला. १९५८ च्या अंतिम सामन्यात त्याचा पाय मोडला. पण तो आत जायला तयार होईना, मैदानाच्या कडेला स्ट्रेचरवर पडून सामना पाहत राहिला.

मॅटसनची आणि आपली गाठ पडते ती हेलसिंकीला. १९५२ च्या जुलैत तिथे ऑलिंपिक झाले. मॅटसन चारशे मीटर धावण्यात तिसरा आला, कांस्यपदक मिळवले. आणि चौघांच्या शर्यतीत रौप्यपदक. त्याच हेलसिंकीत, त्याच जुलैत, कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांना तिकडे जायला पैसे नव्हते. गावोगाव झोळी फिरली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी तर आपले घर गहाण टाकले. दोन कॉलेजांचे दोन गडी एकाच गावी, एकाच महिन्यात, एकाच धातूचे पदक घेऊन परतले. एकाला वर्णाने अडवले होते, दुसऱ्याला पैशाने अडवू पाहिले होते. दोघांनी एकमेकांना पाहिले असेल की नाही, देव जाणे. खाशाबांच्या स्वागताला कराडला शंभरावर बैलगाड्या जमल्या होत्या, असे सांगतात. मॅटसन पुढे व्यावसायिक संघात इतका मोलाचा ठरला की १९५९ साली त्या एकाच्या बदल्यात दुसऱ्या संघाने नऊ जणांचा सौदा केला.

आणि टोलर? १९५२ च्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्यात त्याचा गुडघा गेला. व्यावसायिक खेळाचे दार उघडण्याआधीच बंद झाले. ज्याच्यासाठी सगळ्यांनी पाणी सोडले, त्याला स्वतःला एक दिवसही पैसे घेऊन खेळायला मिळाले नाही. माणूस खचला असता. तो शाळामास्तर झाला. शिकवता शिकवता सॅन फ्रॅन्सिस्कोतल्या बेंजामिन फ्रँकलिन शाळेचा मुख्याध्यापक झाला. त्या शहरात माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय. आणि सुट्टीच्या दिवशी? १९६५ साली व्यावसायिक फुटबॉलने त्याला पंच म्हणून घेतले. अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात कृष्णवर्णीय पंच त्यापूर्वी झाला नव्हता. त्या वेळी त्या खेळाचा प्रमुख होता पीट रोझेल, १९५१ च्या संघाची बातमी घेऊन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या पालथ्या घालणारा तोच तरुण. टोलरने पंचवीस वर्षे शिटी वाजवली. दक्षिणेतल्या मैदानांवरही वाजवली. १९८० साली सर्वांत मोठ्या अंतिम सामन्यातही तो पंच होता. जिथे खेळायला येऊ नकोस म्हणाले, तिथे तो काय बरोबर आणि काय चूक ते ठरवायला गेला. सोमवारी सकाळी पुन्हा शाळेत.

१९५१ ची आठवण मधली बरीच वर्षे त्या माणसांपुरतीच राहिली. मग कोणी पुस्तक लिहिले, कोणी चित्रपट केला. २००६ साली विद्यापीठाने संघातल्या हयात खेळाडूंना सन्माननीय पदव्या दिल्या. २००८ च्या जानेवारीत ऍरिझोनातल्या फिएस्टा बोलच्या संयोजकांनी त्यांना सन्मानाने बोलावले. तोवर ते पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले होते. २००९ साली टोलर गेला, २०११ साली मॅटसन, २०१५ साली सेंट क्लेअर, २०१९ साली मार्केटी.

बेंजामिन फ्रँकलिन ही शाळा पुढे बंद झाली. पण तिची इमारत उभी राहिली आणि तिच्यात दुसऱ्या शाळा भरू लागल्या. २००६ साली त्या आवाराला नाव देण्यात आले बर्ल टोलर यांचे. तेव्हा टोलर हयात होते.